आठ जण, दोन दिवस, एक घडीची पुस्तिका: मिश्रमाध्यमातलं कागदकाम क्रमाने

शेतावर किंवा गावाकडच्या वाड्यात दोन दिवस जमायचं आणि सगळ्यांनी मिळून कागदकाम करायचं असा बेत ठरला, की रंग, लेस, टिकल्या, स्टिकर यांची यादी फोनवर लांबत जाते. दाबायला फरशी, टिपायला सुती कापड आणि सुकायला एक अख्खी रात्र, हे मात्र कोणाच्याच यादीत नसतं. मग रविवारी संध्याकाळी छान दिसलेली पुस्तिका आठवड्याभरात पापडासारखी वाकते, पानं एकमेकांना चिकटतात, कात्रणं कडेने उचलतात. हातात कला नाही म्हणून हे होत नाही. ओलं काम आणि कोरडं काम यांचा क्रम चुकतो म्हणून होतं.

खालची कृती आठ जणांसाठी आहे. प्रत्येकाने एक मोठा कागद रंग, कात्रणं, कापड, धागा वापरून सजवायचा, त्याचे आठ सारखे तुकडे करायचे, एक स्वतःला ठेवून सात वाटायचे. शेवटी प्रत्येकाकडे आठ जणांची आठ पानं असलेली नागमोडी घडीची पुस्तिका तयार होते. आठ वेगवेगळी छोटी चित्रं करायला दोन दिवस पुरत नाहीत. एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करणं पुरतं.

माणसं कमी-जास्त झाली तरी पानांची संख्या सम ठेवा. विषम पानं झाली तर शेवटच्या पानाची चित्राची बाजू बाहेर येते आणि पुठ्ठा चिकटवायला जागाच उरत नाही. सात जण असाल तर आठवं पान नावं आणि तारीख लिहायला घ्या.

## टप्पा १: आठवडाभर आधीची तयारी

हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. फेव्हिकॉलवर मिनिटभरात साय धरते आणि रंग पसरवण्याआधीच सुकतो. उन्हाळ्यातच जमायचं असेल तर ओलं काम सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं होतं: काही म्हणता काही सुकत नाही. तेव्हा दोनाऐवजी तीन दिवस धरा.

आठ जणांचं सामान:

- हातकागद, २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड), ५६ × ७६ सेमीचे (२२ × ३० इंच) ५ ताव. प्रत्येक ताव मधोमध कापून ३८ × ५६ सेमीचे दोन. आठ कामाला, दोन चाचणीला.
- कार्डशीट, २२० ते २५० जीएसएम, ५६ × ७१ सेमीची (२२ × २८ इंच) ९.
- २ मिमी जाडीचा पुठ्ठा, १४ × १९.५ सेमीचे १६ तुकडे. बाइंडिंगवाल्याकडूनच कापून आणा. घरच्या कटरने इतका जाड पुठ्ठा सरळ कापणं म्हणजे बोटांशी खेळ.
- फेव्हिकॉल दीड किलो, मैदा १०० ग्रॅम.
- १२ मिमी रुंदीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, एकूण ५० मीटर. एका पानाला चारही कडांनी ६१ सेमी लागते, चौसष्ट पानांना ३९ मीटर. उरलेली वाया जाण्यासाठी धरलेली आहे, आणि ती जातेच.
- मास्किंग टेप २ रोल, बटर पेपर, रद्दी, जुन्या फाइलींची प्लास्टिकची कव्हरं.
- हार्डबोर्ड किंवा प्लायचे ४५ × ६० सेमीचे १० तुकडे.
- शहाबादी फरशीचे एक फूट × एक फूट तुकडे, किमान ८. इंचभर जाडीचा तुकडा सहा किलोच्या आसपास भरतो. शेतावर फरशी पडलेली असतेच, म्हणून हे आधी विचारून ठेवा.
- नवं पातं घातलेले कटर ४, ६० सेमीची स्टीलची पट्टी २, दाभण २, जाड सुया, भरतकामाचा सुती धागा.

कार्डशीट, पुठ्ठा, फेव्हिकॉल संभाजीनगरच्या गुलमंडी-औरंगपुऱ्यात, लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत शोधताना अडचण येत नाही. हातकागदासाठी दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याची वाट धरणार असाल तर जाडी आधी हाताने तपासा. लग्नपत्रिकेसाठीचा पातळ, फुलं-पाकळ्या घातलेला कागद दिसायला सुंदर असतो, पण ओल्या कामात टिकत नाही. तो कात्रणांसाठी घ्या, खालच्या कागदासाठी नको.

पाण्याच्या थेंबाची चाचणी. हातकागदावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब अर्धा मिनिट वर उभा राहिला तर कागद कामाचा. टाकताक्षणी आत जिरला तर कागद रंग पिणार आणि ब्रश फिरवला की पिसं निघणार. असाच कागद हाती आला असेल तर एक भाग फेव्हिकॉल आणि आठ भाग पाणी मिसळून दोन्ही बाजूंनी एक पातळ हात द्या, दोरीवर टांगून पूर्ण सुकवा. हे घरीच उरकून या.

पानं-फुलं. दाबून सुकवायला पूर्ण आठवडा लागतो. पिंपळाची जाळी, गवताची पाती, कडब्याचं पान, पळसाची पाकळी चालते. अख्खा झेंडू चालत नाही, पाकळ्या सुट्या करून दाबा. ज्वारीचे दाणे, तुरीच्या शेंगा, सरकीसकट कापूस असं काही चिकटवायचा मोह हमखास होतो. दोन महिन्यांत सोंडे लागतात. कडब्याचं पान घ्या, कणीस घरी ठेवा.

कात्रणं. यात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा तपशीलाने:

- एसटीचं मशीनमधून निघालेलं तिकीट, दुकानाची पावती: हा उष्णतेने छापणारा कागद. इस्त्री लागली की काळा पडतो, नाही लागली तर काही महिन्यांत कोरा होतो. आधी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सच चिकटवा.
- इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो: फेव्हिकॉल लागताच शाई फुटते. ओलं बोट कोपऱ्यावर फिरवा, बोटाला रंग आला तर तो कागद बाद. लेझर प्रिंट आणि झेरॉक्स पक्के असतात.
- लग्नपत्रिका: चकचकीत थर आणि सोनेरी फॉइलवर गोंद धरत नाही. मागची बाजू शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच चिकटवा.
- वर्तमानपत्र: वर्षभरात पिवळं पडतं. पिवळेपणाच हवा असेल तर ठीक, नाहीतर झेरॉक्स.
- आजोबांच्या पेटीतले मोडी कागद, पोथीची पानं, घरातला एकुलता एक जुना फोटो: यांना कात्री लावू नका. झेरॉक्सवर मोडीचं वळण तितकंच छान दिसतं. सातबाऱ्याच्या रद्द झालेल्या झेरॉक्स वापरायला हरकत नाही, फक्त नावं आणि गट नंबर कापून टाका.

## टप्पा २: जागा लावणं

पोहोचल्यावर पहिला तास यालाच द्या. ओलं टेबल आणि कोरडं टेबल वेगळं हवं, शक्यतो वेगळ्या खोलीत. ओलं टेबल ओसरीवर, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या आड. कोरडं टेबल आत. जेवण तिसरीकडे. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागलेलं बोट कागदावर टेकलं की तिथे जलरंग धरतच नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय कागदाला हात नाही, हा नियम पहिल्याच चहाच्या वेळी सांगून टाका.

पाण्याच्या दोन बादल्या ठेवा: पहिलीत ब्रश खंगाळायचा, दुसरीत धुवायचा. रंगात मिसळायला बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, गडद रंग सुकला की त्यावर पांढरट डाग उठतात. रंगासाठी जारचं पाणी. दोन दिवसांना पाच लिटर भरपूर होतं.

वीज जाईल असं गृहीत धरूनच नियोजन करा. हेअर ड्रायरवर विसंबून कोणताही टप्पा ठेवू नका.

खळ. १०० ग्रॅम मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, एकूण पाणी ५०० मिली करा, मंद आचेवर पाच-सात मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवा, गार करून गाळा. चिकटकामासाठी दोन भाग खळ आणि एक भाग फेव्हिकॉल. नुसता फेव्हिकॉल फार लवकर धरतो, तुकडा सरकवायला वेळच देत नाही. नुसती खळ कसरीला आमंत्रण देते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे आणि दोन दिवसांच्या कामाला त्याची गरज नाही. त्यापेक्षा खळ रोज ताजी करा, आंबूस वास आला की फेकून द्या.

## टप्पा ३: पहिला दिवस सकाळी – ओला थर

१. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने आपलं नाव आणि कापण्याच्या रेषा आखा. ५६ सेमीच्या बाजूला दोन्हीकडे ३ सेमी सोडून १२.५ सेमीचे चार भाग, ३८ सेमीच्या बाजूला १ सेमी सोडून १८ सेमीचे दोन भाग. पेनने आखू नका, शाई पुढे झिरपते.

२. कागद हार्डबोर्डवर ठेवून चारही कडांना मास्किंग टेप लावा. टेप आधी आपल्या ओढणीवर किंवा पँटवर एकदा चिकटवून उचला, चिकटपणा कमी होतो. नाहीतर काढताना हातकागदाचं साल निघतं.

३. स्वच्छ पाण्याचा एक हात द्या. चकाकी गेली पण कागद अजून गार लागतोय, तेव्हा जलरंगाचा पातळ थर सोडा. दोन, फार तर तीन रंग. आठ जणांचे कागद शेवटी एकत्र येणार आहेत, तेव्हा एक रंग सगळ्यांनी समान ठेवला तर पुस्तिका एकसंध दिसते. गेरू यासाठी उत्तम आणि पक्का. हळद किंवा पळसाचा रंग कितीही तजेलदार दिसला तरी उजेडात उडतो. शिवाय हळदीला चुना किंवा साबण लागला की लाल होते.

४. हा थर पूर्ण सुकू द्या. सावलीत एक ते दीड तास. उन्हात ठेवू नका, वरची बाजू आधी आकसून कागद गोल होतो.

५. आता ॲक्रिलिक, मातीचे थर, स्टेन्सिल. क्रम उलटा करू नका: सुकलेल्या ॲक्रिलिकवर जलरंग थेंब-थेंब होऊन घरंगळतो.

काळी माती वापरणार असाल तर. आपल्या रानातली काळी माती सुकताना भेगाळते, आणि कागदावरही तेच करते. जाड थापलेली माती दोन तासांत तडकते आणि घडी घातली की पापुद्रे पडतात. ढेकळं कुटून मलमलच्या कापडातून चाळा, समान भाग फेव्हिकॉल मिसळा, दुधाइतकं पातळ करा आणि कापडाच्या बोळ्याने पुसल्यासारखा थर द्या. एकावर एक असे तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा गडद दिसतात आणि टिकतात.

सावधान: तेलखडू, मेणाचा खडू अजून काढायचा नाही. मेणावर गोंद बसत नाही. त्याची पाळी सगळ्यात शेवटी.

ॲक्रिलिकचं गढूळ पाणी पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. एक खड्डा करा, त्यात ओता, गाळ सुकला की कचऱ्यात.

## टप्पा ४: दुपारी – कोरडं काम

कागद सुकत असताना सगळे झोपतात आणि दुसऱ्या दिवशी वेळ कमी पडला म्हणून हळहळतात. तासभर झोपा, मग घडीची पट्टी आणि पुठ्ठे याच दुपारी उरका. पुठ्ठ्यांना रात्रभर दाब हवा. ते शेवटच्या तासावर ढकलले की पुस्तिका वाकलीच म्हणून समजा.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, तपासा. कार्डशीटमधून १० × १० सेमीचा चौकोन कापा, मूळ ताव कोणत्या बाजूला लांब होता ते त्यावर बाणाने लिहा. चौकोन न मोडता हलका वाकवा, मग दुसऱ्या दिशेने वाकवा. जिथे कमी जोर लागतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर कागदाची ग्रेन असते. घडी ग्रेनला समांतरच यायला हवी. आडवी आली तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो आणि पुस्तिका कधीच नीट मिटत नाही. पुठ्ठ्यालाही ग्रेन असते. ती १९.५ सेमीच्या उभ्या बाजूला समांतर हवी, हे बाइंडिंगवाल्याला आधीच सांगा.

पट्ट्या कापा. प्रत्येकाला १९ सेमी रुंदीच्या दोन पट्ट्या लागतात: एक ५५.५ सेमी लांब (१३.५ सेमीची चार पानं आणि १.५ सेमी जोड), दुसरी ५४ सेमी. ग्रेन तावाच्या ७१ सेमी बाजूला समांतर असेल तर पट्टीची लांबी ५६ सेमीच्या दिशेने घ्या, एका तावात तीन पट्ट्या निघतात. ग्रेन ५६ सेमीला समांतर असेल तर लांबी ७१ सेमीच्या दिशेने, दोन निघतात. दोन्ही प्रकारे एक ताव एकाला पुरतो.

घड्या. खुणा शून्यापासूनच मोजा: १३.५, २७, ४०.५, ५४. मागच्या घडीपासून पुढची मोजत गेलं की प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर सुटतो आणि आठव्या पानाला पुस्तिका तिरकी होते. स्टीलची पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, मग घडी घाला, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. पहिली घडी आत, दुसरी बाहेर, तिसरी आत, अशी एकाआड एक. चौथ्या पानाची जोडपट्टी पाचव्या पानाच्या मागे चिकटवा. ही घडी बाहेर येणारी असते, त्यामुळे जोड समोरून दिसत नाही.

तपासणी: पट्टी मिटून टेबलावर उभी करा. कडा एका रेषेत आहेत का? पहिलं आणि आठवं पान, दोघांचीही कोरी पाठ बाहेर आहे का? नसेल तर जोड सुकण्याआधीच, गोंद ओला असतानाच दुरुस्त करा.

पुठ्ठ्यावर कापड. खण, इरकल, जुन्या सुती साडीचा काठ, हिमरूचा उरलेला तुकडा, काहीही घ्या, पण कापडाच्या मागे अस्तर हवंच. नुसत्या कापडातून फेव्हिकॉल वर येतो आणि काळपट डाग कायमचा राहतो. शिंप्याच्या दुकानात मिळणारं फ्युजिंग इस्त्रीने लावणं सर्वांत सोपं, आणि ते घरूनच लावून आणा. हिमरूच्या मागे सुटे धागे असतात, त्याला अस्तराशिवाय हात लावू नका. पैठणीचा जरीचा जाड काठ कोपऱ्यात दुमडत नाही, तो पुठ्ठ्याच्या मधे पट्टी म्हणून वापरा.

कापड १८ × २३.५ सेमी. फेव्हिकॉल पुठ्ठ्याला लावा, कापडाला नव्हे. जुन्या सिमकार्डच्या चौकटीने किंवा कडक कार्डाने ओढून पातळ थर करा, पुठ्ठा कापडाच्या मधोमध ठेवा, उलटा करून मधून बाहेर हात फिरवा. चारही कोपरे तिरके कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून ४ मिमी सोडून. टोकाला लागून कापलं की कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो. आधी लांब बाजू दुमडा, टोकाशी उरलेलं कापड नखाने आत दाबा, मग आखूड बाजू. नंतर बटर पेपर, हार्डबोर्ड, वर दोन फरशा. सकाळपर्यंत उघडून बघायचं नाही.

## टप्पा ५: संध्याकाळी – चिकटकाम

१. आधी सगळे तुकडे कोरडेच मांडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. गोंद लागल्यावर कोणालाच मूळ मांडणी आठवत नाही.

२. फोटोवरच मनाने कापण्याच्या रेषा ओढा. जाड देठ, गाठ, मणी रेषेवर येऊ देऊ नका. कटर तिथे अडकतो आणि पान दातेरी कापलं जातं. चेहरा रेषेवर आला तर अर्धा चेहरा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. कधी कधी तीच गंमत असते, पण ठरवून करा.

३. पंखा बंद. उन्हाळ्यात यावरून भांडण होतं, तरी बंद.

४. पातळ कागद असेल तर गोंद खालच्या कागदाला लावा आणि तुकडा वर सोडा. जाड कागद असेल तर गोंद तुकड्याला लावा, मिनिटभर थांबा आणि मग बसवा. ओला झालेला कागद फुगतो. फुगणं पुरं होण्याआधी चिकटवला की मागून बुडबुडे येतात. बुडबुड्यांचं खरं कारण बहुतेक वेळा हेच, गोंद कमी पडला हे नव्हे.

५. मधून कडेकडे दाबा. बाहेर आलेला गोंद कोरड्या कापडाने टिपा. ओल्या कापडाने पुसलं की गोंद पसरून चकचकीत पट्टा राहतो.

६. कुठेही जाडी २ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. आठ पानं एकावर एक येणार आहेत. प्रत्येकाने एकेक शिंपला लावला तर पुस्तिका मिटणारच नाही.

झोपण्यापूर्वी टेप काढा, कागदाची पाठ ओलसर स्पंजाने हलकी, सगळीकडे सारखी पुसा. पुढची बाजू दिवसभर ओली-कोरडी होऊन आकसलेली असते. पाठीलाही तितकीच ओल दिली की ताण बरोबरीला येतो. मग थर असा लावा: हार्डबोर्ड, रद्दी, कागद, वर बटर पेपर, रद्दी, हार्डबोर्ड, आणि शेजारी शेजारी फरशा. आठही कागद एकाच चळतीत चालतात, मात्र दोन कागदांच्या मधे हार्डबोर्ड हवाच, नाहीतर एकाच्या जाड तुकड्याचा ठसा दुसऱ्यावर उठतो. तासाभराने ओलसर रद्दी एकदा बदला. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळं काम यावरच उभं आहे.

## टप्पा ६: दुसरा दिवस सकाळी – रेषा, धागा, कापणी

कागद आता सपाट आणि कोरडा हवा. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओल आहे, तासभर थांबा.

पेनच्या रेषा, अक्षरं, शिक्के आता. धागाही आताच, चिकटवण्याआधी, म्हणजे गाठी मागे लपतात. सुईने थेट टोचू नका. खाली जुनी चप्पल किंवा थर्माकोल ठेवून दाभणाने आधी भोकं पाडा, ५ मिमी अंतरावर. त्याहून जवळ पाडली तर कागद टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे फाटतो. गोधडीचा धावदोरा इथे सर्वांत शोभतो आणि सर्वांत कमी चुकतो. कापण्याच्या रेषेच्या अलीकडे गाठ मारा आणि पलीकडे नव्याने सुरू करा. सलग टाका कापला की दोन्हीकडून उसवतो.

कापताना कागद पालथा, पट्टी रेषेवर, कटर हलक्या हाताने तीन वेळा. एकाच जोरात कापायला गेलं की पट्टी सरकते. दर दहा-बारा कापांनंतर पात्याचं टोक मोडून नवं घ्या. प्रत्येक पानामागे नाव पुन्हा लिहा आणि मगच वाटा. चौसष्ट पानं टेबलावर पसरली की कोणाचं कोणतं हे ओळखू येत नाही.

तेलखडूचा हात द्यायचा तर वाटण्याआधी द्या, आणि कमी. मिटल्यावर समोरच्या पानाला तो लागतोच.

## टप्पा ७: जोडणी

इथे फेव्हिकॉलचा हट्ट सोडा. परतायला काही तास उरलेत, ओल सुकायला वेळ नाही, म्हणून पानं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा. चारही कडांना टेप, फक्त वरच्या कडेचा संरक्षक कागद आधी काढा, पान जागेवर ठेवा, चारही बाजूंना अर्धा सेमी समास सारखा आहे हे बघा, मग बाकीचे कागद ओढून काढा. चारही एकदम काढले तर पान तिरकं बसलेलं सरळ करता येत नाही.

आता बांधायची नाडी. ७५ सेमी लांब, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आडवी, मधोमध टेपने धरून ठेवा. ही विसरली तर नंतर बसवता येत नाही.

शेवटी पुठ्ठे. पहिल्या पानाच्या पाठीला फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर, पाणी न मिसळता. पुठ्ठ्यावर चारही बाजूंनी अडीच मिमी कड सोडून बसवा. पहिल्या आणि दुसऱ्या पानामध्ये प्लास्टिकचं कव्हर सरकवा म्हणजे ओल पुढे जात नाही. शेवटच्या पानालाही असंच. दाबाखाली चार तास.

## परतताना आणि नंतर

चार तास मिळाले नाहीत तर पुस्तिका हार्डबोर्डच्या दोन तुकड्यांमध्ये सुतळीने बांधून न्या आणि घरी पुन्हा फरशीखाली ठेवा. प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर हवाच. ॲक्रिलिक हाताला सुकलेलं वाटलं तरी आतून पक्कं व्हायला दिवस लागतात. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेली पुस्तिका एक वीट होऊन घरी पोहोचते. बटर पेपर किमान पंधरा दिवस काढू नका.

घरी गेल्यावर काही बिघडलेलं दिसलं तर:

- पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला: पुठ्ठ्याला चिकटलेलं पान सुकताना आतून ओढत नाहीये, वरचं कापड जास्त ओढतंय. आतल्या पानावर ओलसर कापड हलकं टेकवा, प्लास्टिक, वर फरशी, दोन दिवस. चित्रात जलरंग असेल तर हे करू नका, कोरडाच दाब द्या आणि वेळ द्या.
- पानं चिकटली: ओढू नका. एक तास फ्रिजमध्ये कोरड्या पिशवीत ठेवा, ॲक्रिलिक कडक होतं. मग पातळ पट्टी कडेने सरकवत सोडवा.
- कड उचलली: टूथपिकने फेव्हिकॉल आत सरकवा, बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर.
- पावसाळ्यात बारीक ठिपके आले: बुरशी आहे. ओल्याने पुसू नका. पुस्तिका उघडून सावलीत वाऱ्याला सुकवा, मग अंगणात नेऊन, तोंडाला रुमाल बांधून मऊ कोरड्या ब्रशने झटका. कपाटात कडुलिंबाची सुकलेली पानं ठेवत असाल तर कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, पानांच्या मधे नको. त्यांचे डाग पडतात.